तुझी राख कुठं ठेवायची, नाऱ्या?

नाऱ्या, कालपर्यंत तू तुझ्याच मळ्यातल्या कडुलिंबाच्या फांदीला, पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या मडक्यात लटकत होतास, आणि त्याला कारण मी. आपल्या गावात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी राख सावडतात, लगेच जीप करून शहागडला जातात, गंगेत राख सोडतात आणि दिवस मावळायच्या आत घरी येऊन पिठलं-भाकरी खातात. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, आणि गंगेला कुणी नाही म्हणत नाही. तुझं मडकं मात्र दहावा तोंडावर आला तरी झाडावरच. बांधावरून जाणारा आधी वर बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. मी खाली बघायचो.

मुद्दाम केलं नाही रे. राख भरून झाली होती. तुझ्या पोरीनं मडकं हातात घेतलं होतं, तुझ्या मामानं फडक्याला गाठ मारली होती, जीपवाला हॉर्न देत होता. आणि ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं त्या मी तोंड उघडलं. म्हणालो, “मामा, नाऱ्याच्या नियमात राख पाण्यात टाकता येत न्हाई.”

“कुणाच्या नियमात?”

“जहाजाच्या.”

मामानं आधी कपाशीकडं पाहिलं, मग उसाकडं पाहिलं, मग पार घनसावंगीच्या रस्त्यापर्यंत नजर टाकली. “सुधाकर,” तो म्हणाला, “तुला इथं कुठं समुद्र दिसून राह्यला का?”

लोक हसले. राख सावडताना लोक हसले, तेही माझ्यामुळे. पण तुझी पोरगी हसली नाही. तिनं मडक्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “काका बराबर म्हणतात. बाबा असंच म्हणायचे.” झालं. जीप रिकामी परत गेली.

तू जन्मभर सुट्या मालाच्या जहाजांवर काढलास. कोळसा, लोखंडाची माती, गहू, युरिया, जे काही पोत्यात न भरता थेट जहाजाच्या पोटात ओततात, ते तू जगभर वाहिलंस. गाव तुला कप्तान म्हणायचं. तू दर वेळी न कंटाळता सांगायचास, “कप्तान न्हाई, बोसन. म्हणजे खलाशांचा मुकादम.” गाव मान डोलवायचं, “बराबर हाय, कप्तान.” निवृत्त होऊन आलास तेव्हा वाटलं, आता हा मोसंबी बघेल, पारावर बसेल. तू पहिल्याच आठवड्यात माझ्या खताच्या दुकानात आलास आणि गोदामाची तपासणी केलीस. युरियाच्या थप्पीकडं बघून म्हणालास, “ही कुणाच्या अंगावर पाडायचं ठरवलंयस?”

“तुझ्या,” मी म्हणालो, “जरा अजून पुढं सरक.”

तू सरकला नाहीस. दिवसभर माझ्याकडून थप्पी उतरवून घेतलीस, मधून माणूस जाईल एवढी वाट ठेवायला लावलीस, आणि भिंतीवर पिवळा पट्टा मारलास. गिऱ्हाइकं विचारायची, हा पट्टा कशाचा. मी सांगायचो, जहाज इथपर्यंत येतं.

आणि तो डबा. गावानं उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढायला घेतला होता. मारुतीच्या देवळापाशी जो उतार आहे, तिथं माझी गाळानं भरलेली ट्रॉली उभी होती, वर पाच-सहा मजूर बसलेले. तू आलास, वहिनींचा चहापत्तीचा डबा घेऊन. ट्रॉलीतला गाळ त्यात भरलास आणि दगडावर आपटत बसलास. धाड, धाड, धाड. आम्ही सगळे गोल करून उभे.

“काय करून राह्यला?” मी विचारलं.

“बघ. वरतून कोरडा दिसतो. आपटला की पानी वर येतं. जहाजात लोखंडाची माती अशी ओली भरली की लाटंच्या हादऱ्यानं तिचं पिठलं होतं. एका बाजूला सरकती आन जहाज उलटं. आम्ही भरायच्या आधी डबा आपटायचो.”

“नाऱ्या, ही ट्रॉली हाय. इथं लाट कुठून येणार?”

“तुझा रस्ता बघ की. लाटंपेक्षा वाईट हाय.”

डब्यात खरंच पाणी वर आलं होतं. ट्रॉली माझी, ट्रॅक्टर माझा, आणि हसणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाजही माझाच. तू माझ्याशी वाद घातला नाहीस. मजुरांना म्हणालास, “मालकाला हसू द्या. तुम्ही उतरा.” तुझा आवाज असा होता की ते उतरले. ट्रॅक्टर निघाला, पहिल्या खड्ड्यात गचकला, सगळा गाळ एका अंगाला वाहिला आणि ट्रॉली सावकाश, अगदी म्हशीसारखी, कुशीवर बसली. खाली सरपंचाच्या पोरीच्या लग्नाचा मांडव होता. माणूस एकही नव्हता, पण आचाऱ्यानं बुंदी पाडून ठेवली होती. लग्न वेळेवर लागलं. जेवणात बुंदी नव्हती.

त्या दिवसापासून लोक तुझ्याकडं येऊ लागले. कुणी मुरमाची ट्रॉली भरली की “कप्तान, जल्दी या, डबा आपटा.” शेजारची काशीबाई तर दही घेऊन आली, पाणी सुटंल का बघायला. सगळे तोंड दाबून हसत होते. तू दही डब्यात घेतलंस, नीट आपटलंस, आणि तिला सांगितलंस, “सुटंल. लांबच्या गावाला नेऊ नका.” तू चेष्टा करतोयस की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचं राहूनच गेलं.

तुझा दुसरा नियम दाराचा. कुठल्याही बंद जागेत माणूस उतरला तर वर, दारात, एक माणूस उभा पाहिजे. विहीर असो, पाण्याची टाकी असो, माझं गोदाम असो. वहिनी माळ्यावर चढल्या तरी तू खाली उभा. एकदा मी तुझ्या घरी आलो तर तू संडासाच्या दाराबाहेर उभा होतास आणि आतून मामा ओरडत होता, “अरे जा ना बाबा आता!”

त्यावरून मी तुझी लई टिंगल केली. मग एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, तू युरियाच्या थप्पीला टेकून सांगितलंस. कोळशाचं जहाज होतं. कोठारात उतरायला वरून एक छोटं झाकण असतं. कोळसा बंद जागेत हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो, वास नाही, धूर नाही, काही दिसत नाही. एक जण शिडीनं उतरला आणि खाली पडला. त्याचा दोस्त त्याच्यामागं उडी मारणार होता. तू त्याची कॉलर धरलीस.

“त्यानं मला आईवरून शिव्या दिल्या. मारलं. मी सोडलं न्हाई. भोंगा वाजवला. लोक हवेची नळकांडी घेऊन आले, मंग उतरले. खालचा गेल्ता. पन एकच गेल्ता, सुध्या. न्हाईतर दोन गेले असते, मी धरून तीन.”

“मंग तू बराबरच केलं.”

“केलं ना. पन सगळ्यात अवघड काम तेच हाय. दारात उभं राह्यचं. आत जायचं न्हाई आन हलायचं बी न्हाई. आतला बाहेर येईपर्यंत.”

त्यानंतर त्या जहाजांवर हवा मोजायची यंत्रं आली, दर दोन महिन्यांनी सराव आला. तू ते सांगताना असा खूश होतास, जसं काय ती यंत्रं तुझ्याच खिशातून आली होती. पण घरी हीच गोष्ट सांगितलीस तेव्हा गयामाय, तुझी आई, ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, “यासाठी तू समुद्रावर गेल्ता व्हय? आमी जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की आधी कंदील सोडत व्हतो आत. कंदील इझला तर मानूस सोडत न्हवतो. आन वर येक जन बसवत व्हतो. तुझा बाप बसायचा.” तुझं तोंड असं झालं की मी चहा सांडला. एवढी दुनिया फिरून आलास आणि तुझा नियम तुझ्या अंगणात पेवाच्या तोंडावर बसलेला निघाला.

आता तिसरा नियम, ज्यानं तुला झाडावर बसवलं. पाण्यात काय टाकायचं आणि काय नाही. तू बोटांवर मोजून सांगायचास. प्लास्टिक कधीच नाही. कचरा जाळून झालेली राख, तीही नाही. खरकटं किनाऱ्यापासून बारा मैलांवर, तेही जहाज चालतं असताना. कोठारं धुतल्यावर उरलेला माल घातक नसेल तरच, आणि घातक आहे की नाही ते माल पाठवणाऱ्यानं आधी सांगायचं. पहिल्या-पहिल्यांदा तुम्ही सगळं बेधडक समुद्रात लोटायचात, हेही तूच सांगितलंस. “तेव्हा वाटायचं, समुद्र केवढा मोठा. काय फरक पडतो,” असं तू म्हणाला होतास. मग शहागडच्या घाटावर जाऊन तू पिशव्या गोळा करायला लागलास. लोक दहाव्याला आलेले असायचे, डोकं भादरलेली माणसं रडत असायची, आणि तू गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणायचास, “दुःख करा, बिलकुल करा, पन थैली मला द्या.”

आणि मी तुझ्याशी भांडायचो. मी औषधं विकतो, फवारणीची. माझ्या गिऱ्हाइकांच्या रिकाम्या बाटल्या ओढ्यात पडतात, हे मला माहीत आहे. त्यामुळे तू नदीबद्दल बोललास की मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतोयस. माझा स्वभाव तुला माहीत आहे. शाळेत मार दुसऱ्याला बसायचा आणि हात माझे लाल व्हायचे. म्हणून एके दिवशी चहा पिताना मी तुला कोंडीत पकडायला म्हणालो, “मंग तुझी राख, नाऱ्या? ती कुठं टाकायची? नियमात तर बसत न्हाई.”

तू बशी खाली ठेवलीस. मोजायला बोट वर केलंस आणि तसंच खाली घेतलंस. मला इतका आनंद झाला की मी पोराला अजून दोन चहा सांगितले. तू म्हणालास, “इचार करून सांगतो.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत मोसंबीला पाणी देताना तू बांधावर टेकलास आणि उठला नाहीस. वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या तेव्हा पाणी दोन ओळी पुढं गेलं होतं. तुझ्या छातीनं दगा दिला असं डॉक्टर म्हणाले. मला वाटत राहिलं, तू विचारच करत बसला असशील.

मग काय, तुझ्या जागी विचार करायचं काम माझ्याकडं आलं. दुकान बंद करून रोज मी त्या कडुलिंबाखाली जाऊन बसायचो आणि तुझी वर्गवारी करायचो. जळून झालेली राख, म्हणजे बंदी. खरकटं म्हणावं तर बारा मैल आत जायला पाहिजे. शहागडच्या पुलावर उभं राहिलं तर दोन्ही काठ दिसतात. उरलेला माल म्हणावं तर तो घातक नाही असं कुणीतरी सांगायला हवं, आणि निम्म्या गावानं तर तू घातकच होतास असं सांगितलं असतं. त्यात तुझ्या राखेत गुडघ्याची वाटी निघाली होती, ऑपरेशनमध्ये बसवलेली. मामा ती हातात घेऊन विचारत होता, “हे कोणतं हाड?” ती तर कुठल्याच नियमात बसत नव्हती.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, जिवंतपनी हे कधी एका जागी ठरले न्हाईत. आता मेल्यावर तुम्ही ठरू देईनात.” मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

गयामाय पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, “माझ्या लेकराला गंगा पायजे.” मग माझ्याशी बोलणं बंद. लहानपणी मला स्वतःच्या ताटातला घास देणारी बाई, मी अंगणात आलो की माझ्याकडं पाठ करून बसायची. भाकरी मात्र पाठवायची, माझ्या समोर ठेवायला लावायची. त्या भाकरीनं मला जास्त मारलं. एका बाजूला तिच्या डोळ्यांदेखत लेकाला गती मिळायची तिची आस, दुसऱ्या बाजूला तुझा हयातभराचा हट्ट. आणि मध्ये मी, ज्याला साधं खताचं बिल करताना घाम फुटतो.

शेवटी मी हरलो. दहाव्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे काल, तिच्यासमोर जाऊन म्हणालो, “माय, चल. गंगेला जाऊ.” ती लगेच उठली. मडकं तिनं स्वतः खाली घेतलं, कुणाला हात लावू दिला नाही. मी मनात तुझी माफी मागितली. म्हटलं, नाऱ्या, समुद्राचा कायदा कितीही मोठा असला तरी तुझ्या आईपुढं तो कुठवर टिकणार.

जीप भरली. मामा मागच्या पायरीवर लोंबकळायला चढला. वहिनींनी आतून हाक मारली, “मामा, उतरा खाली. त्यांनी पाह्यलं असतं तर?”

“आता कुठं बघून राह्यला तो?”

“मडक्यात हायेत ना. उतरा.”

मामा उतरला. आत जागा नव्हती, म्हणून तो शहागडपर्यंत माझ्या मांडीवर बसून आला. तुझ्या नियमांनी माझ्या पायांचं काय झालं ते तुला कळलं पाहिजे म्हणून सांगतो.

घाटावर नेहमीसारखं होतं. फुलं, पिशव्या, देवाचा फुटका फोटो. गयामाय घोट्याभर पाण्यात उतरली, मडकं पोटाशी धरून. गुरुजी म्हणाले, “सोडा आता.” तिनं सोडलं नाही. गुरुजींनी पुन्हा सांगितलं. मी काठावर उभा होतो आणि माझ्या हातात, कसं ते माहीत नाही, तीन ओल्या पिशव्या होत्या.

“सुध्या,” ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “इकडं ये.”

मी गेलो.

“त्यो जहाजावर निघायचा तवा मी इथं येत व्हते. ठाव हाय तुला?”

“न्हाई, माय.”

“कुनालाच न्हाई. नवस बोलून दावायचा नसतो. बसनं यायची, गंगेची वटी भरायची. नारळ, खण, कुकू. म्हनायची, बाई, सगळं पानी तुझंच हाय. माझं लेकरू तुझ्या पान्यावर चाल्लंय, मला परत दे. दर खेपेला दिलं तिनं. येक बी खेप चुकली न्हाई.” मग ती एकदम हसली, डोळे पुसत. “आन ह्यो माझ्यावरच वरडायचा. माय, नारळ कशाला टाकती पान्यात, थैली कशाला टाकती! त्येला काय सांगू, तुझ्यासाठीच टाकती म्हनून?”

वरच्या पुलावरून ट्रक जात होते.

“तिनं मला दर खेपेला परत दिलं,” गयामाय म्हणाली. “आन आता मी आपल्या हातानं तिला देऊ व्हय? न्हाई. गाडी फिरव.”

“आक्का, पन शास्त्र...” मामा म्हणाला.

“शास्त्राला इचार, त्येच्या फोनची वाट शास्त्र बघत व्हतं का मी.”

तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि मडक्यावर शिंपडलं. गंगेला एवढंच. मग फिरली. मी तुझ्या पिशव्या घेऊन तिच्यामागं आलो, आणि मामा परत माझ्या मांडीवर.

बघ नाऱ्या, नियम तुझाच टिकला, पण तुझ्यामुळे नाही आणि माझ्यामुळे तर नाहीच. या गोष्टीचा मी आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे ठरलेलं नाही. तू असतास तर या वादावर आपले दोन महिने निघाले असते.

मळ्यात परतलो आणि जिथं तू पाणी देताना बसलास, तिथल्याच मोसंबीच्या बुडाशी जागा काढली. मामानं धोतर खोचलं आणि खड्ड्यात उतरून माती उकरू लागला. खड्डा गुडघाभर. वर मोकळं आभाळ, चारी बाजूंनी वारा. मी झाडाला टेकणार तेवढ्यात गयामाय बांधावरून बोलली, “सुध्या, टेकू नको. हितं उभा राह्य. आत मानूस हाय.”

कुणी हसलं नाही. मी खड्ड्याच्या काठावर जाऊन उभा राहिलो. मामानं राख ठेवली, माती लोटली, वर आला. वहिनींनी तांब्याभर पाणी घातलं. सगळे घराकडं निघाले. गुडघ्याची वाटी माझ्या दुकानाच्या गल्ल्यात आहे, तिचं काय करायचं ते तू सांगितलं नाहीस.

गयामाय थोडी पुढं गेली, मागं वळून बघितलं, पण मला चल म्हणाली नाही. मामा बाहेर आला होता. तू आत होतास. नियमानं मला हलता येत नव्हतं, आणि आत यायचंही नव्हतं. म्हणून मी तिथंच उभा राहिलो.